‘लॉयर अप’चा अर्थ

धोंडिरामचं ते पत्र अकरा फेब्रुवारीला आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. तारीख नक्की आहे, कारण आलेल्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात मी लाल पेन्सिलीने ते मिळाल्याची तारीख टाकतो. चाळीस वर्षं प्रुफं तपासून लागलेली सवय. तिचा कुणाला काही उपयोग झाला आहे असं नाही.

पत्र निळ्या आंतरदेशीयवर होतं. वर नेहमीसारखं ‘काश्या यास’. मग असं:

‘आमच्या सोसायटीने मला नोटीस काढली आहे. जिन्याखालचं पुस्तकांचं कपाट जाण्यायेण्याच्या आड येतं, गेल्या वर्षी मी ते कुणाला न विचारता ठेवलं, दोन मार्चच्या आत हलवलं नाही तर भंगारात देऊ, असं त्यात लिहिलंय. गेल्या वर्षी! कपाट कधीचं आहे ते तुला माहीत आहे. नातू किरण बंगळूरला असतो, त्याला नोटिशीचा फोटो पाठवला. त्याने उलट दोनच शब्द पाठवले. एल, ए, डब्ल्यू, वाय, ई, आर. मग जागा सोडून यू, पी. सगळी कॅपिटल. पहिला शब्द म्हणजे वकील, एवढं मला कळतं. पुढच्याचं काय करायचं? मी त्याला ओके कळवून बसलोय, आता परत विचारायची लाज वाटते. तू डिक्शनऱ्यांची प्रुफं वाचलेला माणूस. अर्थ लगेच कळव. त्यावर कपाट अवलंबून आहे. कळावे, शुभविवाद.’

शेवटच्या शब्दाचा खुलासा करायला हवा. पार्ल्याच्या एका छापखान्यात आम्ही दोघं एकत्र होतो. धोंडिराम खरात कंपोझिटर, छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा आणि मी, काशीराम नार्वेकर, प्रुफं तपासायचो. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण इंग्रजी मजकूर तो झरझर जुळवायचा, अक्षरामागून अक्षर, उलटं. कुठलाही शब्द तो अजून तसाच सांगतो, सुटा सुटा. एकदा एका लग्नपत्रिकेचं प्रूफ मी तपासून खाली सही केली. पत्रिकेवर ठळक अक्षरांत ‘शुभविवाद’ असं होतं. धोंडिरामने मशीन सुरू व्हायच्या आधी ‘द’ काढून ‘ह’ बसवला, मालकाला पत्ता लागू दिला नाही, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मला फक्त एवढं विचारलं, “काय रे, तुझ्या लग्नात काय काय झालं होतं?” तेव्हापासून त्याचं प्रत्येक पत्र ‘शुभविवाद’वर संपतं. मी हसतो.

दोन हजार पाचमध्ये छापखाना बंद झाला. मालकाने छापून उरलेली लहान मुलांची पुस्तकं आणि प्रुफं ठेवायचं काचेच्या दारांचं कपाट आम्हा दोघांना दिलं. माझ्या बोरिवलीच्या घरात जागा नव्हती. धोंडिरामला घाटकोपरला नव्या इमारतीत घर मिळालं होतं, त्याने ते तिथल्या जिन्याखाली लावलं. इमारतीतली मुलं शाळेतून आली की पायऱ्यांवर बसून वाचतात. पुस्तक घरी न्यायला धोंडिरामची ना नाही, पण परत देताना आत काय होतं ते सांगावं लागतं. न वाचता आणलेलं पुस्तक तो परत घेत नाही.

तर असं कपाट. आणि ते माझ्या उत्तरावर अवलंबून होतं.

कुणी म्हणेल, फोन का नाही केला? मला फोनवर बोलता येत नाही. मी “हो, हो” म्हणतो आणि ठेवून देतो, आणि नंतर दिवसभर काय बोलायला हवं होतं ते मला सुचत राहतं. धोंडिरामला हे माहीत आहे, म्हणून तो पत्र लिहितो.

त्याच दिवशी दुपारी मी चार कोश काढले. ‘लॉयर’ चारही कोशांत होता. नाम. चारही ठिकाणी नामच. ‘अप’ला एका कोशात दोन पानं दिली होती. पण हे दोघे शेजारी शेजारी कुठे सापडेनात.

पहिला अर्थ मला असा लागला की वकील वर आहे. धोंडिराम दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी लिहिलं, ‘तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी वकील राहतो का, बघ.’ पत्र पाकिटात घातल्यावर मनात आलं की जो वीस वर्षं त्या इमारतीत राहतो, त्याला त्याच्या डोक्यावर कोण राहतं हे बंगळूरहून कोण कशाला कळवेल? फाडलं. मग ‘टाइम इज अप’ आठवलं. म्हणजे वकिलाची वेळ संपली. हे कळवणं मला बरं वाटेना. मग ‘फेड अप’ आठवलं, आणि त्यावरून वकिलांना कंटाळलेला असा अर्थ निघाला. या अर्थावर मी दोन दिवस होतो. इंग्रजीत असं म्हणत असतील, वकिलांना कंटाळायला माणसाला कारणं असतात, असंही वाटलं. पण मग किरणने आजोबांना नेमकं करायला काय सांगितलं?

घरात दिशा होती, माझी नात, सतरा वर्षांची. तिला विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम. पण तिला इंग्रजी स्पेलिंगं मीच शिकवलेली. धोंडिराम नातवाला विचारत नव्हता, मी नातीला विचारत नव्हतो. आणि दोन मार्च आला आणि गेला.

त्यानंतर लिहिणार काय? कपाट गेलं असणार. मला डोळ्यांपुढे ते हातगाडीवर आडवं दिसायचं, काच फुटलेली. चौदा एप्रिलला मी दरवर्षी धोंडिरामला शुभेच्छांचं कार्ड पाठवतो. यंदा आणलं, पत्ता लिहिला आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याच्याकडूनही काही आलं नाही. एक शब्द विचारला होता त्याने, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.

सप्टेंबरात एका सकाळी स्वयंपाकघरातून माझ्या सुनेचा, श्वेताचा आवाज आला.

“बिडाचा तवा साबणाने कुणी घासला?”

श्वेता बाहेर आली. “दिशा, तू?”

“मी काही बोलणार नाही,” दिशा म्हणाली. “मी लॉयर अप करतेय. आजोबा, या माझ्या बाजूला.”

माझी बशी कलली आणि चहा लेंग्यावर सांडला.

“काय करतेयस?”

“लॉयर अप. म्हणजे आपल्यावर काही शेकणार असलं की आधी वकील गाठायचा. आणि तो सांगेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही.”

“क्रियापद आहे?”

“काय आहे?”

“लॉयर. क्रियापद म्हणून चालतं?”

“चालतं काय, पळतं! सगळे बोलतात, आजोबा. तुमच्या पुस्तकात नसेल.”

“नाहीये,” मी म्हणालो. “चारांत नाहीये.”

श्वेता तवा घेऊन उभी होती. तव्याचा सगळा काळा तुकतुकीतपणा गेला होता. “वकिलांचं आटपलं असेल तर आरोपीचं नाव कळेल का?”

“मीच घासला,” मी म्हणालो. “खरकटं चिकटलं होतं. मला वाटलं, तुला मदत होईल.”

“वाट लागली,” दिशा कपाळाला हात लावून म्हणाली. “माझा वकीलच आरोपी निघाला. आणि लगेच कबूल! आजोबा, आत्ताच सांगितलं ना, गप्प राहायचं?”

श्वेताला हसू आलं. ते दाबत ती म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी मदत नका करू, प्लीज,” आणि आत गेली.

मग मी दिशाला धोंडिरामचं पत्र दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं.

“फेब्रुवारी? आजोबा, सात महिने झाले!”

“हो.”

“दोन शब्दांसाठी?”

“हो.”

“एक मात्र आहे. अर्थ माहीत नसताना अर्धा भाग तुम्ही एकदम बरोबर पाळलात. तोंड बंद.” मग माझ्याकडे बघून तिने पत्राची घडी घातली. “रविवारी जायचं. मी येते. आणि आजारी पडायचं नाही, मला तुमचं सगळं माहितेय.”

रविवारी नॅशनल पार्कच्या स्टेशनवरून आम्ही मेट्रोने निघालो, गुंदवलीला गाडी बदलली. वाटेत मी तीनदा म्हटलं की आधी पत्र टाकून जावं. दिशाने कानात गाणी लावली.

धोंडिरामच्या इमारतीत शिरलो आणि मी थांबलो. कपाट जिन्याखाली होतं. काच शाबूत. दारावर नोटीस चिकटवलेली, तिच्या शेजारी दुसरा कुठलातरी टंकलेला कागद, त्यावर गोल शिक्का. तिसऱ्या पायरीवर धोंडिराम बसला होता. समोर दोन वेण्यांची एक मुलगी त्याला सांगत होती की गोष्टीत शेवटी हत्ती घरी जातो.

“कुठल्या वाटेने जातो?” धोंडिरामने विचारलं.

मुलीने शेवटचं पान उलटून बघितलं.

“पुन्हा वाच जा.” मग त्याने मान वर केली. “आलास? सुंदरा, चहा टाक गं! आमचा वर्तमानपत्रातला शब्दकोडेवाला आला. सात महिन्यांनी उभा शब्द घेऊन आलाय का आडवा?”

“धोंडिराम, मी...”

“बस आधी. गुडघे बघ कसे वाजतात तुझे. ही कोण, दिशा? केवढी झाली! बाळा, याला घरी बोलायला येतं का गं?”

“परवा एकदाच बोलले,” दिशा म्हणाली. “आणि पकडले गेले.”

“कपाट आहे,” मी म्हणालो.

“आहे म्हणजे? जाणार कुठे? वकील केला ना मी. किरणने सांगितला होता तस्सा.”

“म्हणजे तुला अर्थ लागला?”

“तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो असतो तर हत्ती काय, मीच घरी गेलो असतो.” धोंडिराम पुढे झुकला. “काश्या, तू इंग्रजी जास्त शिकलास ना, तिथेच फसलास. तू ते जोडून वाचलं असशील. मी खिळेवाला, मी सुटं वाचलं. लॉयर. यू. पी. यूपीचा वकील! सरळ होतं रे.”

मी दिशाकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं होतं.

“दिशा,” मी म्हणालो, “पुस्तकं बघ जरा. हत्तीचं बघ.”

सुंदराबाई चहा घेऊन आल्या. “ह्यांनी काय केलं विचारा, भावजी. कोर्टाजवळ जाऊन एकेका वकिलाला विचारत हिंडले, तुम्ही यूपीचे का? दोघांना राग आला.”

“तिसरा मिळाला ना?” धोंडिराम म्हणाला. “दुबे वकील. त्याला विचारलं, ‘आप यूपी के हो?’ तो घाबरला. म्हणतो, ‘नाही हो काका, माझा जन्म घाटकोपरचा, मराठी शाळेत शिकलोय.’ माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो रे. मी म्हटलं, मग नको, आम्हाला यूपीचाच पाहिजे. नातवाने बंगळूरहून सांगितलंय.”

“मग?”

“मग तो बघतच राहिला. म्हणाला, ‘चाचाजी, इतने साल हो गए इस शहर में, ये पहली बार सुना.’ त्याला हसायला येत होतं आणि डोळ्यांत पाणीपण होतं. मग कबूल झाला. वडील जौनपूरचे, गावी घर आहे, मे महिन्यात जातो. मी म्हटलं, पक्का? तर मोबाइलमध्ये घराचा फोटो दाखवला. त्याच दिवशी कागद घेतले त्याने. सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून मनाई आणली, सुनावणी होईपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही. तो शिक्क्याचा कागद बघितलास ना?”

“सुनावणी कधी?”

“परवाच्या नाही, पुढच्या मंगळवारी. तिथे घोडं अडलंय.” धोंडिरामने बशी खाली ठेवली. “सेक्रेटरी म्हणतो, कपाट गेल्या वर्षीचं आणि परवानगी नाही. जुने अध्यक्ष वारले. तेव्हाचं सभेचं रजिस्टर म्हणे सापडत नाही. दुबे म्हणतो, त्या काळचा एक तरी कागद पाहिजे, आणि तो घेऊन समोर उभा राहून बोलणारा माणूस. नाहीतर बुधवारी भंगारवाला.”

दोन वेण्यांची मुलगी पुस्तकात बोट घालून आमच्याकडे बघत होती.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं की. फेब्रुवारीत. पुढचं पत्र आधीचं उत्तर आल्याशिवाय कसं लिहायचं?” तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. “मी सुंदराला म्हटलं, काश्या विचार करतोय. वेळ लागतो त्याला.”

समोर उभा राहून बोलणारा माणूस. सोसायटीच्या आमच्या सभेत मी वीस वर्षांत एकदा बोललो होतो, तेही पंखा लावा एवढंच.

“बघतो,” मी म्हणालो. “येईन. बहुतेक.”

“तोंडी नको,” धोंडिराम म्हणाला. “समोर तू हो म्हणतोस आणि घरी जाऊन फिरतोस. माझं पत्र अजून तुझ्याकडे आहे ना? त्याचं उत्तर लिही. येणार का नाही, ते त्यात लिही. आणि पोस्टाने पाठव. एकदा शिक्का पडला की तुला खाडाखोड करता येत नाही.”

परतताना मेट्रोत दिशाने कानातली गाणी काढली. मग म्हणाली, “यूपीचा वकील!” आणि इतकी हसली की शेजारच्या बाई सरकून बसल्या.

धोंडिरामची पत्रं माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आहेत, वर्षवार. श्वेता दर दिवाळीला विचारते, हे डबे काढू का? मी दर दिवाळीला बघतो म्हणतो. दोन हजार पाचचा डबा खालून दुसरा होता. बुधवारी सकाळी मी आणि दिशाने तो काढला. नोव्हेंबरच्या पत्रांत हवं ते पत्र सापडलं. आंतरदेशीयच, कडेला पिवळं पडलेलं.

‘काल कपाट जिन्याखाली लावलं. आधी सभा झाली, सगळ्यांनी हात वर केले, विरुद्ध कुणी नाही. अध्यक्षांनी नारळ फोडला, त्याचं पाणी तू तपासलेल्या बालगोष्टींवर उडालं. सहा मुलं आली. एक जण पुस्तक उलटं धरून बसला होता, तो कंपोझिटर होईल. शुभविवाद.’

वर घाटकोपरच्या पोस्टाचा शिक्का, तारखेसकट. आणि कोपऱ्यात माझी लाल पेन्सिल: मिळाले २६.११.०५.

“आजोबा,” दिशा हळूच म्हणाली, “तुमची पेन्सिल तर साक्षीदार निघाली.” तिने फोटो काढला. “दुबे वकिलांना पाठवते. म्हणजे झालंच की. पत्र कशाला?”

“ते पाठव. पण धोंडिरामला उत्तर पोस्टानेच.”

मी लिहायला बसलो. पहिला कागद फाडला, दुसराही. तिसऱ्यावर दिशाने हात ठेवला. “हा नाही फाडायचा. अर्थ काय लिहिणार? खरा सांगणार ना त्यांना?”

मी पेन टेबलावर ठेवलं. दुसऱ्याची चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. एवढंच एक काम मला जमतं असं मला वाटत आलंय, आणि त्यातही मी ‘शुभविवाद’ सोडला होता.

“ही चूक छापून झाली आहे,” मी म्हणालो. “आणि छपाई चांगली आली आहे.”

“म्हणजे तुम्ही चूक सोडताय? तुम्ही?”

“किरण कधीतरी सांगेलच त्याला. मग मला शिव्या द्यायला तो पत्र लिहील.”

मग मी लिहिलं, आणि दिशाने कागद हलू नये म्हणून तो कोपऱ्याला धरून ठेवला:

‘धोंडिराम यास. तुझं पत्र अकरा फेब्रुवारीला मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मी ते दोन शब्द जोडून वाचत होतो. तू विचारलेला अर्थ चारही कोशांत नाही. तू लावलास तो मला मान्य आहे. मंगळवारी येतो. दोन हजार पाचचं तुझं पत्र बरोबर आणतो. ते मीच वाचून दाखवेन. आवाज बारीक निघाला तर तू खोकू नकोस, त्यांना ऐकू येणार नाही. कळावे, शुभविवाद.’

शेवटचा शब्द पहिल्यांदाच माझ्या हाताने लिहिला. दिशाला वाटलं, धोंडिरामची चूक मीही उचलली. तिने बोट ठेवलं. मी तिला लग्नपत्रिकेची गोष्ट सांगितली आणि पाकीट बंद केलं. ड्रॉवरमधलं एप्रिलचं कार्डही आत घातलं होतं, उशिरा का होईना.

गुरुवारी सकाळी आम्ही पोस्टात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट तोललं, पावती काढली आणि पत्ता मोठ्याने वाचला. “घाटकोपर. शनिवारपर्यंत जाईल, काका.”

“एक मिनिट,” मी म्हणालो. “पाकीट जरा परत... आत मी ‘वाचून दाखवेन’ लिहिलंय. ‘दाखवीन’ जास्त बरोबर वाटलं असतं का?”

“मॅडम,” दिशा म्हणाली, “मारा शिक्का.”

बाईंनी मारला.